खाणवाल्याच्या गाडीचा गेन

फिटरचा उजवा हात मोडला तो भर दिवसा, त्याच्याच दुकानाच्या शटरखाली. मारामारी झाली असं म्हणता येत नाही. मारामारीला दोन बाजू लागतात. खाणवाल्याची माणसं गाडीतून उतरली, दोघांनी फिटरला पालथा पाडला, खाणवाल्याचा ड्रायव्हर त्याच्या पाठीवर बसला आणि एकानं त्याचा हात ओढून उंबऱ्यावर नीट सरळ ठेवला, शिंपी कापड ठेवतो तसा. मग शटर ओढलं. पहिल्यांदा वाकडं बसलं म्हणून वर करून पुन्हा ओढलं. समोरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता, तो बुडबुडेच बघत राहिला.

खाणवाला स्वतः उतरलाही नाही. काच अर्धी खाली करून बसला होता. त्याला सगळे सुरुंग म्हणायचे, अर्थात पाठीमागे. दगडाच्या खाणीत रोज सुरुंग लावायचा म्हणून एक, आणि राग आला की बत्ती दिलेल्या सुरुंगासारखा थोडा वेळ अगदी गप्प व्हायचा म्हणून दुसरं. त्या गप्प वेळात लांब पळालेलं बरं, असं त्याचे मजूरच सांगायचे.

कारण काय, तर गाडीतला स्पीकर जळला. रेडिओचा आवाज जोरदार करून स्पीकरला पाठवणारा ॲम्प फिटरनं बसवलेला. त्या ॲम्पवर गेन नावाचा एक बारीक स्क्रू असतो. गिऱ्हाईक त्याला आवाज वाढवायचं बटण समजतं आणि बरेचसे फिटरही तसंच समजतात. रेडिओकडून आलेलं ॲम्पनं किती मनावर घ्यायचं, एवढंच तो स्क्रू ठरवतो. जास्त पिळला की ॲम्प झेपत नाही तिथपर्यंत ओढायला जातो, आवाजाच्या लाटेची डोकी सपाट कापली जातात, आणि स्पीकरच्या आतली तार तापत तापत जळते. फिटर गेन कानानं लावायचा. डोळे मिटून, मान हलवत, गाणं लावून स्क्रू पिळायचा. गिऱ्हाइकाची छाती हादरली की काम झालं. "माझा कान म्हणजे मशीन आहे," असं तो म्हणायचा, आणि गल्लीनं ते खरं धरलं होतं.

त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. तिचा बाप पंपाच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं रिवाइंड करायचा, त्यामुळं तांब्याच्या तारेशी तिची लहानपणापासून ओळख. लग्नानंतर ती दुकानात प्लायवूडच्या मागं बसून वायरी सोल्डर करायची. पुढं यायचं काम नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा ती पुढं आली होती. गिऱ्हाइकासमोर म्हणाली, "अहो, वायर तापल्याचा वास येतोय." फिटरनं गिऱ्हाइकाला हसून निरोप दिला, शटर अर्धं ओढलं आणि उघड्या पंजानं तिच्या डाव्या कानावर अशी ठेवून दिली की ती वायरींच्या भेंडोळ्यात जाऊन पडली. सकाळी उशीला रक्त होतं. मग बरेच दिवस कानात शिट्टी वाजत राहिली. शिट्टी थांबली तेव्हा त्या बाजूचं बाकी सगळंही थांबलं होतं.

"कानात पाणी गेलं," असं तिनं सासूला सांगितलं, माहेरी सांगितलं, फिटरलाही तेच सांगितलं. फिटर म्हणाला, "डोकं कलतं करून झटक." पुढं त्यानं कधी विचारलं नाही. नंतरही तो मारायचाच, पण ती उजवी बाजू भिंतीकडं करून उभी राहायला शिकली.

हाताचं प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आत वळलेली होती आणि वळलेलीच राहिली. फिटर भंगारातल्या गाडीच्या सीटवर, दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात बसून राहू लागला. दुकान वहिनीनं उघडलं.

कानानं गेन लावणं तिला शक्यच नव्हतं. एका कानाला खणखणीत वाटतं ते दोन कानांना कसं वाटेल, याचा तिला भरवसा नव्हता. म्हणून तिनं फुटपाथवरून, जिथं उंदराचे पिंजरे आणि टॉर्च एकाच चादरीवर विकतात तिथून, एक पिवळा मल्टीमीटर आणला. ॲम्पच्या डब्यावर लिहिलेले वॅट घ्यायचे, स्पीकरच्या ओहमनं गुणायचं, वर्गमूळ काढायचं. चारशे वॅट, चार ओहम, म्हणजे चाळीस व्होल्ट. स्पीकरच्या वायरी काढून ठेवायच्या, रेडिओचा आवाज पाऊण करायचा, बेस वाढवायची सगळी बटणं बंद, पेनड्राइव्हवरचा एकसुरी टेस्टचा आवाज लावायचा, आणि मीटरवर चाळीस येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. चाळीसला हात काढायचा. गाणं नाही, मान हलवणं नाही.

गल्लीला ही मोठी गंमत झाली.

"वहिनी, गाडीला ताप आलाय का?"

"गाडी बरी आहे. तुमचाच उतरवायचाय, बसा."

पहिलाच मोठा घोटाळा एका टॅक्सीवाल्याच्या गाडीत झाला. दाराच्या स्पीकरचा ॲम्प होता. दाराच्या स्पीकरना बारीक, उंच पट्टीचा आवाज लागतो म्हणून तिनं बारीक टेस्टचा आवाज लावला आणि मीटरवर आकडा येईपर्यंत स्क्रू पिळत गेली. आकडा यायला स्क्रू फारच फिरवावा लागला. तिला ते खटकलं होतं, पण मीटर म्हणतोय ना, मग बरोबरच असेल. चार दिवसांनी टॅक्सीवाला आला, काही न बोलता जळका स्पीकर तिच्या तोंडावर भिरकावला आणि म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचा एक हात मोडला, तुझे दोन्ही मोडायला पाहिजेत." स्पीकरची पत्र्याची कड भुवईवर लागली. रक्त डोळ्यात उतरलं.

वहिनीनं फडक्यानं भुवई दाबून धरली आणि त्याला विचारलं, "आवाज कितीवर ठेवता?" टॅक्सीवाल्यानं आकडा सांगितला आणि तो निघून गेला.

त्या दुपारी फडकं बांधूनच ती बसली. एकच ॲम्प, एकच स्क्रू, स्क्रूला हात न लावता आधी ढोलासारखा जाडा आवाज लावला, मग बारीक. जाड्याला मीटर बरोबर बोलला. बारीक आवाजाला त्यानं जवळजवळ निम्माच आकडा दाखवला. म्हणजे घरातल्या विजेची सवय असलेला हा मीटर, लाट भराभर यायला लागली की मागं पडत होता, आणि ती त्याच्या थापेवर विश्वासून स्क्रू पिळत गेली होती.

"मेल्या," ती मीटरला म्हणाली.

कोपऱ्यातून फिटर हसला. हात मोडल्यापासून पहिल्यांदाच.

मग तिनं स्वतः जोडायचा एक स्वस्तातला स्कोप मागवला, तळहाताएवढा. सुटे भाग पिशवीत आले होते, तिनं दोन संध्याकाळी बसून सोल्डर केले. त्याच्या इवल्याशा पडद्यावर आवाजाची लाट दिसते. गेन जास्त झाला की लाटेची टोकं कापल्यासारखी सपाट होतात. सपाट व्हायला लागली की मागं यायचं. शिवाय एक नेम केला. गाडी देण्याआधी, मालक दारात उभा असला तरी, सगळं पुन्हा एकदा मोजायचं. लोक कुरकुरले, पण तिच्या हातचे स्पीकर जळायचे बंद झाले आणि ही बातमी फिरत फिरत खाणीपर्यंत गेली.

सुरुंग नवी गाडी घेऊन आला तेव्हा पंक्चरवाल्यानं दुकान अर्धं बंद केलं. सुरुंग या वेळी खाली उतरला. बुटका, रुंद, भुवयांत दगडाची पूड. मोठमोठ्यानं बोलायचा, समोरचा नदीपलीकडं उभा असल्यासारखा.

"दोन जणांनी जाळून दिलं. तू कर. तुझं जळत नाही म्हणतात."

"दुसरीकडं न्या," वहिनी म्हणाली.

तो गाडीचं दार बघत राहिला. तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो वळला.

"दुसरीकडं कशाला? इथं ओळख आहे." त्यानं कोपऱ्यातल्या सीटकडं मान केली. "काय फिटर, बरा आहेस ना? बाईला सांग नीट कर म्हणून. या वेळी जळलं तर डावा."

हे तो चहा सांगावा तसं बोलला आणि गेला. ड्रायव्हर किल्ली ठेवताना हळूच म्हणाला, "वहिनी, ते खरंच करतात."

"माहीत आहे. तूच बसला होतास ना पाठीवर?"

दुपारपर्यंत तिनं सगळं बसवलं. बॅटरीजवळ मोठा फ्यूज, जाड वायर, मागच्या डिकीत ॲम्प. मोजून गेन चाळीसवर आणला आणि स्पीकरच्या वायरी जोडायच्या क्लिपा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. परत येऊन, नेमाप्रमाणं, पुन्हा मोजायला बसली.

मीटर छप्पन्न दाखवत होता. स्कोपवर लाटेची डोकी उडालेली होती.

ती बॉनेटकडं गेली. फ्यूजच्या डबीत फ्यूज नव्हता. त्याच्या जागी पितळी बोल्ट घट्ट बसवला होता. म्हणजे कितीही करंट ओढला तरी काही तुटणार नाही, वायर लाल होईल, मग गालिचा पेटेल, मग सीट.

फिटर कोपऱ्यात बसला होता. डाव्या हाताच्या बोटांना ग्रीस होतं.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"केलं."

"का?"

"पेटू दे. आत बसलेला असताना पेटू दे. ड्रायव्हरही असेलच."

"आणि मग? कुणी बसवलं ते त्याच्या माणसांना कळणार नाही?"

"घेतील डावा. घेऊ देत."

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "घेऊ देत म्हणे. दोन्ही गेल्यावर तुला घास कोण भरवणार? मी. संडासात तुला धुणार कोण? मी. नाडी सोडायची मी, बांधायची मी. हात तुझा आणि कष्ट माझे."

एवढ्या वर्षांत तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. फिटर उठला. डाव्या हातात चाकाचा पाना होता. "मला तू म्हणतेस?" म्हणाला आणि पाना फिरवला. डाव्या हाताला नेम नव्हता, पाना तिच्या खांद्यावरून घसरला आणि प्लायवूडमध्ये रुतला. त्यानं तो ओढून काढायच्या आत तिनं टेबलावरची तापलेली सोल्डरगन उचलून त्याच्या मनगटाला लावली. केस जळल्याचा वास आला. फिटर गुरासारखा ओरडला आणि सीटवर बसला.

"बस तिथंच," ती म्हणाली. खांदा वर होत नव्हता. एका हातानंच तिनं बोल्ट काढला, फ्यूज घातला, गेन खाली आणला, पुन्हा मोजलं.

ऊन कलायच्या आत सुरुंग आला, सोबत तीच माणसं. स्टिअरिंगसमोर बसून त्यानं आपलं आवडतं गाणं लावलं, कुणी बाई खालच्या पट्टीत गात होती. त्यानं मान वाकडी करून ऐकलं.

"कमी आहे."

"एवढाच आहे त्यात," वहिनी म्हणाली. "पूर्वी तुम्हाला फाटका आवाज मिळत होता. फाटका मोठा वाटतो."

तो उतरला, तिच्या टेबलावरचा डिसमिस उचलला, डिकी उघडली आणि गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळला. मग परत सीटवर बसून गाणं पुन्हा लावलं. पत्रे थरथरले, पंक्चरवाल्याच्या घमेल्यातलं पाणी नाचलं, बाईचा आवाज घशात खडे भरल्यासारखा झाला आणि फट् करून सगळं बंद पडलं.

सुरुंग गप्प बसला. गल्ली रिकामी होत गेली. मग त्यानं बोट हलवलं आणि माणसांनी फिटरला सीटवरून ओढून आणलं, पालथा पाडला, डावा हात उंबऱ्यावर ठेवला. ड्रायव्हर पाठीवर बसला. एक उंच माणूस शटरची कड धरून उभा राहिला.

"डिसमिस तुमच्या हातात आहे," वहिनी म्हणाली. "मी लावलं होतं ते चाललं होतं. पिळलंत तुम्ही."

"माझी गाडी, मी पिळणार. जळलं का नाही?"

"नाही जळलं. फ्यूज उडालाय. तो उडतो म्हणूनच बाकीचं वाचतं. मला थोडा वेळ द्या."

"घे की. हात राहू दे तिथंच. तू काम कर, आम्ही बघतो."

तिनं नवा फ्यूज घातला. स्पीकरच्या वायरी सोडवल्या. टेस्टचा आवाज लावला. खांदा दुखत होता आणि स्कोपची सुई ॲम्पच्या पट्टीवरून सारखी निसटत होती.

"वहिनी, आटपा जरा," शटर धरलेला म्हणाला. "हात भरून आलाय माझा. चुकून सुटायचं."

"तुझं सुटलं तर तुझ्या मालकाला गाणं ऐकवणार कोण?"

त्यानं कडेला दुसरा हातही लावला. लाट गोल झाली. मीटरवर चाळीस. तिनं वायरी जोडल्या. पण इतकंच करून भागणार नव्हतं, हे तिला कळत होतं. हेच तर त्यानं मघाशी कमी म्हणून पिळलं होतं. आता पुन्हा कमी म्हणेल, आणि शटर खाली येईल.

ती गाडीच्या आत शेजारच्या सीटवर बसली, त्याच्या डाव्या बाजूला. "लावू का?" तिनं विचारलं. तो समोर बघत राहिला. "लावू का गाणं?" तरी काही नाही. तिनं त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा त्यानं सगळा चेहरा वळवला, उजवा गाल पुढं करून. वहिनी ते वळणं बघत राहिली. दिवसभर ती स्वतः तसंच वळायची.

"तुमचा डावा कान गेलाय," ती मोठ्यानं म्हणाली.

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. सुरुंगचे डोळे बारीक झाले. "कोण म्हणतं?"

"माझाही डावाच गेलाय. उजव्यातही तुम्हाला जाडं ऐकू येतं, बारीक नाही. म्हणून तुम्ही वाढवत राहता. वाढवून ढोल वाढतो. बाईचे शब्द त्याच्याखाली बुडतात."

तिनं ढोलाचा आवाज उतरवला, बारीक आवाज वर काढला आणि सगळं गाणं त्याच्या उजव्या दारातल्या स्पीकरकडं फिरवलं. गेनला हात लावला नाही. गाणं सुरू झालं. बाई अगदी दाराशी बसून गायल्यासारखी आली. सुरुंगचं तोंड उघडं राहिलं. एका ओळीला त्याचे ओठ हलले. शब्द त्याला पाठ होते, पण कानावर पडले नव्हते बऱ्याच वर्षांत, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

गाणं संपलं.

"माझा सुरुंगानं गेला," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता. "तुझा कशानं?"

वहिनीनं उंबऱ्याकडं पाहिलं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं, कानात पाणी गेल्याची थाप सवयीची होती.

"ह्याच्या हातानं," ती म्हणाली. "तो होता ना उजवा, तुम्ही मोडलात, त्यानं."

फिटरची मान जमिनीवर दाबलेली होती, तरी त्यानं ती उचलायचा प्रयत्न केला. ड्रायव्हरनं दाबून धरली.

सुरुंग हसायला लागला. पोट हलेपर्यंत हसला. "मग मघापासून वाचवतेस काय बाई? आँ? आधीच बोलायचंस. डावाही ओढू का? फुकट. तू सांग फक्त."

शटर धरलेल्या माणसानं कड वर केली, ताण घेतला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. पंक्चरवालाही बाहेर आला होता. फिटर डोळे वर करून तिच्याकडं बघत होता, आणि त्या डोळ्यांत विनवणी नव्हती. ती काय सांगते ते ऐकायला तो थांबला होता.

वहिनीनं मीटरच्या वायरी गुंडाळल्या. सावकाश, एकावर एक वेढा.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"तो हात मला कामाला लागेल."

सुरुंग अजून थोडा हसला, मग मान हलवली. माणसं उठली. जाताना ड्रायव्हरनं फिटरच्या बरगडीत एक लाथ घातली, उगीच, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी गाणं येत होतं, शब्दांसकट.

वहिनीनं खांदा चोळला, मीटरचा उतरत आलेला सेल काढला आणि दुसरा घातला. मग वळून बघितलं. फिटरची पाठ मोकळी होती, धरणारं कुणी नव्हतं, तरी तो पालथाच होता आणि डावा हात उंबऱ्यावर जसा ठेवला होता तसाच होता.

"उचल तो," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या पायात येतोय."